नारायणबाब गाडीखाली

बाबलीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. पोदेर पाव घेऊन आगरवाड्यात यायचा सहाला, म्हणून बाबलीच्या चहासोबत नेहमी आदल्या दिवसाचा उंडा, गोल कडक पाव, असे. सव्वापाचला तो मिठागरावर. एक टोपली वीस किलोची, बांध चढायला बावीस पावलं, आणि साडेआठपर्यंत चाळीस टोपल्या. चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीस झाल्या तर तो उन्हात परत खाली उतरायचा. मग अंगावरचं मीठ धुऊन नऊला रस्त्याकडेचं पंक्चरचं दुकान उघडायचं. चार पत्रे, हवेची टाकी, पाण्याचं घमेलं. तिथे संध्याकाळी सातपर्यंत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी हा एवढा का राबतो, असं कोणी विचारलं तर त्याची बायको शालिनी सांगायची, "तेका झोप लागत नाय. चौदा वर्सां झाली."

चौदा वर्षांपूर्वी बाबली पंक्चर काढत नव्हता. डिचोलीत नारायणच्या गॅरेजात तो ब्रेकचा फिटर होता, एकोणीस वर्षं. खाणीचे भरलेले ट्रक उतारावरून यायचे तेव्हाचे ते दिवस. ड्रायव्हर गाडी लावायचे आणि आधी विचारायचे, बाबली आहे काय? नसला तर उद्या येतो म्हणायचे. ब्रेक दाबला की गाडी थांबते का, हे सगळेच बघतात. पाय काढला की चाक सुटतं का, हे बाबली बघायचा.

नारायणची स्वतःची एक पिकअप होती. हंगामात ती आगरवाड्याहून मीठ भरून आत वाळपईच्या बाजूला जायची. तिकडे पावसाआधी माडांच्या मुळाशी मीठ घालतात. पोत्यांतून खारं पाणी गळतं आणि गाडीचं पोट गंजतं. म्हणून नारायण दर वर्षी मे महिन्यात इंजिनातून काढलेलं काळं, जळकं ऑइल पंपात भरायचा आणि गाडीच्या पोटावर सगळीकडे फवारायचा. मीठ वाहणारे बरेच जण तेच करतात. पत्र्याला ते चांगलंच असतं. बाबली म्हणायचा, "पत्र्याक मारा, रबराक नको. रबर फुगता." नारायण म्हणायचा, "गाडी माझी, ऑइल माझा."

दोन हजार अकरा साली ती पिकअप बाबलीकडे आली. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरून बसत होता. बाबलीने चाकावर पॅड आवळणारा कॅलिपर उघडला, साफ केला, पिस्टन बोटाने सरकतो हे बघितलं आणि परत बसवला. तरी दुसऱ्या फेरीला चाक तापलं. बाबली म्हणाला, आणखी एक तास द्या, मला रबरी पाइप बघायचा आहे. नारायण म्हणाला, भाडं खोळंबलंय, गाडी सोड. त्याचा मेहुणा प्रवीण किल्ली हातात घेऊन शेजारीच उभा होता. गाडी गेली. कारापूरच्या उतारावर डावं चाक जाम झालं, गाडी गटारात गेली आणि प्रवीणचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो अजून लंगडतो.

तास आपणच दिला नाही हे नारायणला ठाऊक होतं. पण संध्याकाळी सासरची माणसं गॅरेजात येऊन उभी राहिली. त्यांना दोषी म्हणून कोणीतरी द्यायला हवा होता. नारायणने आठ कामगारांसमोर आणि सासऱ्यासमोर बाबलीची पान्यांची पेटी उचलून रस्त्यावर ठेवली आणि म्हणाला, "ह्या हातान परत ब्रेकाक हात लावचो नाय." दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूचं सगळं सामान एकदम नवं घातलं. कॅलिपर, पॅड, पाइप, सगळं. गाडी सुधारली, आणि दोष कशाचा होता ते भंगारात गेलं.

त्याचं ते बोलणं वाळपईला आणि फोंड्याला पोचायला आठवडा पुरला. बाबलीने नऊ गॅरेजं पालथी घातली. टायर काढ, ग्रीस मार, म्हणाले. ब्रेक नको. पुढच्या वर्षी खाणी बंद पडल्या, तेव्हा टायरचंही काम संपलं आणि तो गावी परतला.

बाबली शिव्या देत फिरला नाही. देवळात जाऊन कौलही लावला नाही. त्याने वाट बघितली. नारायणची घाई त्याने एकोणीस वर्षं जवळून पाहिली होती. असा माणूस परत चुकतो आणि त्याच जागी चुकतो, एवढा त्याला भरवसा होता.

यंदाच्या एप्रिलात, एका रविवारी सकाळी साडेनऊला, ती चूक त्याच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली.

मिठागरांकडून मोठ्या रस्त्याला यायला एकच वाट आहे. एका गाडीपुरती, दोन्ही बाजूंना पाणी. पिकअप तीस पोती मीठ घेऊन आली आणि दुकानाच्या दहा पावलं अलीकडे थांबली ती थांबलीच. पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता. रंग उडालेला, दरवाजा दुसऱ्या गाडीचा, पण मागच्या फळीवरचं वेल्डिंग बाबलीच्या डोळ्यांसमोर झालेलं होतं. त्याने हातातली ट्यूब घमेल्यात तशीच सोडली.

ड्रायव्हर खाली उतरला. सिद्धेश त्याचं नाव, नारायणच्या बहिणीचा मुलगा, पस्तिशीचा, बडबड्या.

"काका, जरा बघशात? ह्या चाकान जीव खाल्ल्यान. दोन म्हयन्यात दोनदा पॅड घातले, एक कॅलिपर नवो घातलो. चार दिवस बरी चालता, परत धरता."

"मी ब्रेकाक हात लावणंय नाय."

"कशाक? तुमी फिटर होतास म्हणतत ना?"

"होतंय. तुझ्या मामान बंदी घातल्यान. तेका फोन कर. म्हण, आगरवाड्यात बाबली असा, आणि तो हात लावणा नाय."

सिद्धेशने फोन केला.  पलीकडून नारायणने शिवी दिली आणि येतो म्हणाला. रविवारचं गॅरेज बंद, दोन्ही फिटर आपापल्या गावी सावंतवाडीकडे गेलेले. त्याच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

तासाभरात पिकअपच्या मागे दोन ट्रक आणि एक टेम्पो येऊन अडकले. हॉर्न सुरू झाले. मिठागरावरच्या बायका टोपल्या उपड्या घालून त्यांवर बसल्या. त्यांच्यात कमलाक्षी होती. ती बाबलीच्या शेजारी बारा वर्षं टोपल्या उचलत होती आणि तिला सगळी गोष्ट ठाऊक होती. शेजारणीला ती आता सगळी सांगत होती, हळू आवाजात नव्हे.

पावणेअकराला नारायण आला. चौसष्ट वर्षांचा, कुठल्याशा मुंजीला निघालेला, पांढरा शर्ट, पांढरी पँट, इस्त्री कडक.

"बाबल्या, काय तमाशो हो? गाडी बघ आणि वाट मोकळी कर. लोक बोंबलतत."

बाबली उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. "येवा नारायणबाब. हात तुमकांच लावचो लागतलो. मी सांगतंय, तुमी करा."

"अरे, चौदा वर्सां झाली त्या गोष्टीक!"

"बंदी कितक्या वर्सांची ता माका कोणी सांगूक नाय."

"लावा हो हात," कमलाक्षी बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमचो हात चांगलो. आमी पण बघतो."

मागचा ट्रकवाला ओरडला, "शेट, काय ता बेगीन करा! माझी पोती पाझरतत."

नारायणने मागे बघितलं, फोनकडे बघितलं, मग स्वतःच्या पँटकडे. मग त्याने बाह्या वर केल्या.

बाबली स्टुलावर बसला. त्याचा आवाज शांत होता आणि बोलणं अदबीचं. एकोणीस वर्षं तो या माणसाला 'तुमी' म्हणत आला होता, आता ते सोडायचं कारण नव्हतं.

"पयली चारय चाकां बघा. पाणी मारा."

नारायणने डब्याने पाणी मारलं. तीन चाकांवरून ते ओघळून गेलं. पुढच्या डाव्यावर चर्र झालं आणि थेंब राहिला नाही.

"एकच तापलां. म्हणजे वरचो सिलिंडर बरो असा, पॅडल बरा असा. वांदो ह्या कोपऱ्यात. आता वीस मिनटां थांबा."

"वीस मिनटां?"

"ऑइल सोडूचो निपल गरम फिरवलास तर मोडतलो. घाई तुमची, मोडलेलो निपल पण तुमचोच."

बाबलीने घड्याळ काढून स्टुलावर ठेवलं. एकोणिसाव्या मिनिटाला नारायण उठला, तर त्याने बोट दाखवून परत बसवलं. कमलाक्षीने सगळ्यांना पाणी दिलं. नारायणलाही तांब्या पुढे केला. "घेवा. अजून खाली जावचा असा तुमकां."

मग जॅक. सिद्धेश पुढे झाला तर बाबली म्हणाला, "तू पॅडलार बस. हयलां काम मामा करतलो." नारायणने मागच्या चाकांना दगड लावले आणि जॅक मारायला घेतला. चाक जमिनीवरून सुटेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला. बाबलीने दुकानातून फणसाच्या लाकडाचा ओंडका आणला, चेसिसखाली स्वतः सरकवला आणि दोनदा लाथ मारून बघितली. हलला नाही. भरलेली गाडी, खाली माणूस, जॅकवर त्याचा भरवसा नव्हता. मेलेला नारायण त्याला काही उपयोगाचा नव्हता. त्याला तो जिवंत आणि बोलता हवा होता.

"सिद्धेश, एकदा दाब. सोड. आता चाक फिरवा, नारायणबाब."

चाक हललं नाही.

"मीठ," नारायण म्हणाला. "मिठान कॅलिपर गंजलो. सगळ्यांच्या गाडयेक होता. उद्या नवो घालतंय."

"दोन म्हयन्यापूर्वीच घातलास ना? दोन म्हयन्यात गंजलो? बरां, बघूया. खाली जावा, कॅलिपराचो निपल अर्धो फेरो सोडा. गंज असलो तर चाक सुटाचा नाय. आत ऑइलाचो दाब अडकलो असलो तर लगेच सुटतला."

खाली जायचं म्हणजे पाठीवर झोपून सरकायचं. पोत्यांतून गळलेल्या खाऱ्या पाण्याचं तिथे तळं झालं होतं. नारायण आधी गुडघ्यावर आला, मग कोपरावर, मग आडवा झाला. पांढऱ्या पँटचे दोन पाय तेवढे बाहेर राहिले. वरून मीठपाणी टपकत होतं. त्याला खोकला आला.

"नारायणबाब," कमलाक्षीने विचारलं, "चिखलात खुबे-शिंपले गावले काय?"

बायका हसल्या. ट्रकवालेही हसले. बाबली हसला नाही. त्याला या क्षणाचा एकही भाग चुकवायचा नव्हता.

आतून पाना फिरल्याचा आवाज आला, मग नारायणची शिवी. ब्रेकचं ऑइल पिचकारीसारखं त्याच्या बाहीवर उडालं होतं. बाहेर सिद्धेशने चाकाला दोन बोटं लावली आणि ते गरगर फिरलं.

"गंज न्हय," बाबली म्हणाला.

गाडीखाली नारायण बाही झटकत राहिला.

"निपल बंद करा. सिद्धेश, दाब. सोड." चाक परत जाम. "आता वर बघा. लोखंडी पाइप जंय रबरी पाइपाक जोडलो असा, थंयचो नट सोडा. दाब वरसून येयत असलो तर चाक सुटतला. नाय सुटला तर अडचण मधल्या वीतभर रबरात."

पाना नटावर बसल्याचा आवाज आला आणि तिथेच थांबला. नारायण चाळीस वर्षं गॅरेज चालवत होता. नट सोडायच्या आधीच त्याला कळलं होतं. पांढरे पाय हलेनात.

"सोडा, नारायणबाब," बाबली म्हणाला. "तासाभराचा काम. त्या वर्सा मी मागलेलंय ता हाच."

 मग नट सुटला. ऑइल ठिबकलं. सिद्धेशने चाकाला हात लावला. हललं नाही. त्याने दोन्ही हातांनी जोर केला. ट्रकवाल्यानेही येऊन हात लावला. दोघांनाही चाक बोटभर फिरवता आलं नाही.

"काढा तो पाइप," बाबली म्हणाला, "आणि भायर येवा."

नारायण बाहेर आला तेव्हा पांढरं काही उरलं नव्हतं. त्याच्या हातात वीतभर रबरी पाइप होता. बाहेरून काळ्या ऑइलचा जाड थर, आणि बोट दाबलं तर रुतत होतं. बाबलीने दुकानातलं पातं पुढे केलं, मुठीकडून.

"उभो चिरा. सगळ्यांक दिसांदे."

पाइप चिरला. आतलं रबर फुगून भोक मिटलं होतं. सिद्धेशने उदबत्तीची काडी घालून बघितली, जाईना. पायाच्या जोराने ऑइल त्यातून चाकाकडे घुसत होतं, पण परत यायला तेवढा जोर नव्हता. म्हणून दाबलेला ब्रेक दाबलेलाच राहत होता. कॅलिपर बदला, पॅड बदला, काही फरक पडणार नव्हता.

सिद्धेशने पाइप नाकाशी नेला. "मामा, हेका जळक्या ऑइलाचो वास येता. दर मे म्हयन्यात आपणच मारतो ना ह्या?"

 हॉर्न थांबले होते.

"आता सांगा," बाबली म्हणाला. "कारापूराक गाडी गेली त्या दिवशी पाइप बघूक मी एक तास मागलेलंय काय नाय?"

नारायणने हात पुसले. पुसायला कोरडं काही नव्हतं, तरी पुसत राहिला. "जुनी मढी कशाक उकरतंस?" तो म्हणाला आणि चिरलेला पाइप खिशात घातला.

एवढंच. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

बाबलीने मान हलवली. काम अर्धं टाकायची त्याला सवय नव्हती. पाइप निघाल्यामुळे चाक मोकळं झालं होतं; नारायणकडून जॅक उतरवून घेतला आणि सगळ्यांनी ढकलून पिकअप दुकानाच्या कडेला लावली. ट्रक गेले. सिद्धेश कोणाची तरी मोटरसायकल घेऊन म्हापशाला गेला आणि नवा पाइप घेऊन दोनला परतला. तोही नारायणनेच बसवला. ऑइलमधली हवा काढताना तिसऱ्या खेपेला एक बुडबुडा आला. नारायण म्हणाला, चालता. बाबली म्हणाला, परत. चौथ्या खेपेला बुडबुडा आला नाही, पण त्याने पाचवी खेप करायला लावली. चार वाजता चाक गार होतं आणि एका बोटाने फिरत होतं. बाबलीने पान्याला हात लावला नव्हता.

सिद्धेश गाडी फिरवून बघायला गेला तेव्हा नारायण दुकानात आला. पत्र्याच्या सावलीत दोघेच.

"प्रवीणाच्या कानार जावचा नाय ह्या," तो हळू म्हणाला. "बायलेचो भाव तो. अजून काठी घेवन चलता. तेका वाटता तुझ्या हातान झाला."

"तुमीच सांगितलास तसा."

नारायणने खिशातून नोटांची जुडी काढून स्टुलावर ठेवली. ओली होती. "सगळे घे. विषय मिटव, बाबली."

तो पहिल्यांदाच बाबल्या न म्हणता बाबली म्हणाला होता. बाबलीच्या ते ध्यानात आलं आणि त्याला आणखीच राग आला. त्याने जुडीतून फिटरची एका दिवसाची मजुरी मोजून काढली. जास्त एक नोट नाही, कमी एक नाही.

"ही दोष शोधून दिल्याची. बाकीचे तोंड गप ठेवचे. ता काम मी घेणंय नाय."

रात्री शालिनीने विचारलं, "लोकांसमोर चिखलात लोळवलंस. झाला ना समाधान?"

"नाय. ता आगरवाड्यान बघितला. तेनी माका नावां ठेवली डिचोलेत."

त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला घेतलं. शालिनीने वाचून दोन ओळी सरळ केल्या.

सोमवारी चाळीस टोपल्या टाकून झाल्यावर तो पेडण्याच्या बाजारात गेला. तिथे एका छोट्या ऑफिसात वर्तमानपत्राच्या जाहिराती घेतात. काउंटरवर दिपाली नावाची मुलगी होती. तिने कागद वाचला, मग मान वर करून बाबलीकडे बघितलं, मग परत वाचला.

"मालकाचं नाव नाही घातलं काका?"

"गाडयेचो नंबर घाल. वाळपईपासून डिचोलेपर्यंत सगळे वळखतत."

"कोणत्या दिवशी छापायचं?"

"आयताराक. पैशे इतकेच," तो नोटा दाखवत म्हणाला.

"रविवारचा दर जास्त असतो. एवढ्यात बसणार नाही. सोमवारी घातलं तर सगळं बसेल."

बाबलीने कागद परत घेतला आणि तिच्याकडून पेन मागितलं. माझ्यावर अन्याय झाला, हे पहिलं वाक्य काढलं. चौदा वर्षं काय भोगलं, त्या तीन ओळी काढल्या. नऊ गॅरेजं काढली. देव बघतो, हे शालिनीने घातलेलं, तेही काढलं. उरलं ते असं:

'जाहीर खुलासा. २०११ साली कारापूरच्या उतारावर खालील नंबरच्या पिकअपचा ब्रेक अडकला तो फिटरच्या हातामुळे नव्हे. मालक दर वर्षी रबरी पाइपवर जळकं ऑइल फवारीत. पाइप बघण्यास फिटरने एक तास मागितला, तो मालकाने दिला नाही. ह्याच गाडीत हाच दोष मालकाने काल आगरवाडा येथे स्वतःच्या हाताने शोधला. पाहणारे सतरा जण. बाबली, ब्रेक फिटर.'

"काल म्हणजे?" दिपाली म्हणाली. "छापून येईल तेव्हा आठवडा झालेला असेल."

बाबलीने 'काल' खोडून तारीख घातली. तिने शब्द मोजले. रविवारच्या दराने बरोबर बसले. त्याने कालची मजुरी, अजून थोडी ओलसर, काउंटरवर ठेवली.

"पण सोमवारी स्वस्त पडलं असतं," ती पावती फाडताना म्हणाली. "रविवारच कशाला?"

काल निपल गार व्हायची वाट बघताना सिद्धेश बडबडत होता तेव्हा बाबलीने सहज विचारून घेतलं होतं. कारापूरला प्रवीणच्या घरी पेपर फक्त रविवारी येतो.